सावडीतली तुझी जागा

मने, तुझ्या श्रद्धांजलीच्या फोटोत माझा खांदा आलाय. कुणी केला तो फोटो, देव जाणे. आपल्या दोघींचा होता, प्रेझेंटेशनच्या दिवशीचा, ब्लेझरमधला. त्यातून तुला कापून घेतलं, भोवती झेंडूची चौकट टाकली, आणि कडेला माझा अर्धा खांदा तसाच राहून गेला. मी लोणीला आमच्या ओट्यावर चहा पीत स्टेटस बघत होते. एकाचा वाढदिवस, एकीची मेहंदी, एकाचा नवा ट्रॅक्टर, आणि मग तू. मला वाटलं कुणीतरी घाण चेष्टा केलीय. शिवी हासडायला फोन लावला तर पलीकडची पोरगी रडत होती. चहा तसाच राहिला.

मला तुझा राग आलाय, हे आधीच सांगून टाकते. माणूस गेलं की सगळे त्याच्याबद्दल गोड बोलायला लागतात. माझ्याच्याने ते व्हायचं नाही आणि तुला ते पटलंही नसतं. कावीळ झाली होती तर मला 'पित्त झालंय' असं का सांगत होतीस? व्हिडिओ कॉल केला की तुझा कॅमेरा बंद. म्हणायचीस, मोबाईल भाताच्या खाचरात पडला, कॅमेरा गेला. मी आपली इकडून अक्कल शिकवतेय, घोडेगावला जा, दुरुस्त करून घे. डोळे पिवळेधमक झाले होते आणि मला ते दिसू नयेत म्हणून तू कॅमेरा लावत नव्हतीस, हे मला तुझ्या तेराव्याला तुझ्या आईकडून कळलं. आधी झाडपाल्याचं औषध झालं, पथ्य झालं, मग घोडेगावचा दवाखाना, आणि मग एकदम पुणं. पुण्याला न्यायला उशीर झाला. कॉलेज संपलं की दोघींनी पुण्याला जायचं म्हणून मी दोन वर्षं तुझ्या मागे लागले होते. तू गेलीस ती अँब्युलन्समधून, आणि तेही मला न सांगता.

तुझ्याकडून मला एक उत्तर हवं होतं. येणार का नाही, एवढंच. तू 'बघू' म्हणालीस आणि तसंच ठेवून गेलीस. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. आई म्हणते, घरात येरझाऱ्या घालून फरशी झिजवशील. म्हणून लिहायला बसलेय, तर लिहितानाही दोनदा उठून बाहेर जाऊन आले.

आठवतं, आपली ओळख कशी झाली ते? ॲडमिशनच्या दिवशी मी फणफणत उभी होते, कारण मला बीएस्सी कॉम्प्युटर हवं होतं आणि यादीत नाव नव्हतं. माझ्या पुढे तू, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद. मी विचारलं, तू बीबीए का घेतलंस? तू म्हणालीस, "ही रांग लहान व्हती. माझी गाडी चुकली असती." मला वाटलं, ही चेष्टा करतेय. तू खरंच सांगत होतीस. डिंभ्याची गाडी चुकली की पुढची कधी येईल ते कुणालाच ठाऊक नसायचं, आणि त्या गाडीपायी तू बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशनची पदवी घ्यायला निघाली होतीस. त्या दिवशी मी हसले, ते पुढे दोन वर्षं तुझ्याबरोबर हसतच राहिले म्हण.

पहिलं सत्र कसलं गेलं गं. सगळं इंग्रजीतून. सर बोलायचे ते कानावर पडायचं, डोक्यात काही शिरायचं नाही. मग संध्याकाळी मंचरच्या स्टँडवर, माझी पूर्वेची गाडी आणि तुझी पश्चिमेची गाडी येईपर्यंत, आपण धडा मराठीत आणायचो. तुझ्या व्याख्या तर मी परीक्षेत लिहिता लिहिता थांबले होते. डेलिगेशन म्हणजे आपलं काम दुसऱ्याच्या गळ्यात मारणं. ब्रँड म्हणजे मालाच्या आधी नाव पोचणं. मोटिव्हेशनला तू म्हणालीस, माझी आई सकाळी पांघरूण वढते, त्याला. शेजारी भेळ खाणारे काका हसून हसून ठसकले होते. तुला मात्र हसू यायचं नाही. तू भुवया जवळ आणून पुढचा शब्द विचारायचीस.

आणि तुझ्या दांड्या! भातलावणीचे, तुमच्या आवणीचे दिवस आले की मॅडम गायब. हजेरी कमी पडली म्हणून सरांनी बोलावलं, तर त्यांना तोंडावर सांगितलंस की सर, आमची सावड आहे. सर पुण्याचे. त्यांना वाटलं, घरात काहीतरी कार्य असेल. मलाही कुठे माहीत होतं? आमच्या लोणीला कांद्याच्या लागवडीला बायका टेम्पोत बसून रोजाने येतात, संध्याकाळी पैसे घेऊन जातात, संपलं. तू म्हणालीस, तुला सांगून कळायचं न्हाई, ये बघायला.

गेल्या वर्षी आले मी. पांढरे बूट घालून आले, हे तू सगळ्या वाडीला वर्षभर सांगत फिरलीस. बांधावर उभी राहून मोबाईलवर फोटो काढत होते, तर तू खालून ओरडलीस, "बघायला आलीस व्हय? हितं बघनारी फकस्त बगळी असत्यात. उतर खाली." उतरले. गुडघ्याएवढा चिखल, वरून पाऊस, डोक्यावर खताच्या गोणीचा कागद. तुम्ही सगळ्या ओळीने वाकून रोप टोचत मागे सरकत होता, प्रत्येकीच्या पुढ्यात तिच्या वाट्याची पट्टी, तिला तुम्ही पात म्हणता. माझी पात अशी वाकडी गेली की तुमच्या सावडीची म्होरकी हौसामावशी आली, काही न बोलता माझी रोपं उपटली आणि पुन्हा लावली. दुपारी बांधावर बसून नाचणीची भाकरी आणि धरणातल्या माशाचं कालवण खाल्लं. त्या दिवशीचा माझा कंबरेचा त्रास अजून गेलेला नाही, मने.

आणि तिथेच मला ती सावड कळली. आज सगळ्या जणी हिच्या खाचरात, उद्या तिच्या. पैशाचा विषयच नाही. माझ्याकडे तुझ्या घरच्या जितक्या आल्या, तितक्याच मी तुझ्याकडे पाठवायच्या. तुमच्या घरच्या कायम दोघी, तू आणि आई. तुझे वडील धरणावर मासे धरतात, खाचरांचा चिखल करायला, चिखलणीला जातात, ती गड्यांची सावड निराळी. आदल्या संध्याकाळी हौसामावशी दारोदार फिरून विचारणार, उद्या तुमच्यातल्या किती? ज्या दारात ती विचारायला आली नाही, ते घर सावडीतून गेलं असं समजायचं. ना नियम लिहिलेले, ना कुणी साहेब. मी तुला म्हटलं, अगं, ह्याच्यावर आपला प्रोजेक्ट होतो. तू नाक मुरडलंस. ह्यात काय हाय प्रोजेक्टसारखं?

पण केला. सुट्टीभर केला. जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर सरांनी सराव म्हणून वर्गापुढे मांडायला लावला. त्या उकाड्यात आपण ब्लेझर घालून उभ्या. तुझा ब्लेझर तुझ्या मामेबहिणीचा, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. तू बोललीस मात्र झकास. सरांना विषय आवडला, आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला. एखाद्या घरातलं माणूस कमी झालं तर? जितकं घेतलं तितकं त्या घराला परत देता येणार नाही. मग ते घर बाहेर पडणार का?

तू म्हणालीस, "न्हाई पडत, सर."

का, असं सरांनी विचारलं. तू पुन्हा तेच म्हणालीस, न्हाई पडत. कारण काही सांगेनास. वर्ग हसायला लागला. तेव्हा मी पुढे होऊन म्हटलं की सर, पडणारच, हिशोबच तसा आहे. तू माझ्याकडे असं बघितलंस की ब्लेझरमधून थंडी वाजली. पण ऐक, मी आजही म्हणेन, वर्गात द्यायचं उत्तर म्हणून माझंच बरोबर होतं. ज्या गोष्टीला कारण सांगता येत नाही, ती प्रोजेक्टमध्ये लिहिता येत नाही.

स्टँडवर जे भांडलो आपण! लोक गाड्या सोडून आपल्याकडे बघत होते. मी म्हटलं, स्वतःच्याच पार्टनरकडे असं डोळे वटारून काय बघतेस? तर तू म्हणालीस, "सरांनी दुसऱ्या कुनाचं न्हाई, आमच्याच घराचं इचारलं, शितल. मी तुझ्यासंगं पुन्याला आले तर आई एकली ऱ्हाती. एकलीच्या घराला सावडीत कोन घेईल?"

मी म्हटलं, मग वर्गात छातीठोकपणे 'नाही पडत' असं का म्हणालीस?

"तसं व्हावं वाटतं, म्हनून म्हनले," तू म्हणालीस.

मी म्हटलं, त्यात काय, पगार झाला की आईला मजूर लावून दे. मला वाटलं, मी केवढा मोठा प्रश्न सोडवला. तू माझ्याशी बोलायचीच थांबलीस. तुझी गाडी लागली, तू चढलीस, खिडकीशी बसलीस. मी खालून विचारलं, येणार का नाही ते तरी सांग, रूम बघायला लागते, आगाऊ सांगायला लागतं. तू पुढे बघत म्हणालीस, बघू. गाडी सुटली. समोरासमोरचं आपलं ते शेवटचं, नंतर पित्ताचं सांगून तू कॉलेजला आलीच नाहीस. पुढे फोनवरही मी विचारायचे आणि तू बघूच म्हणायचीस, आणि तुझा कॅमेरा बंद असायचा.

तेराव्याला आले तेव्हा डिंभ्यापासून वाडीपर्यंत चालतच आले. वाटेत सारखं वाटत होतं, परत फिरावं. तुमच्या घराच्या वरच्या अंगाला आले आणि बघते तर तुमचं खाचर हिरवंगार. मला कळेना. घराला सुतक, रोपं तर तुझ्या आजारपणातच वर आलेली, आवणी केली कुणी? तुझी आई म्हणाली, बायका आल्या. बोलवायला कुणी गेलं नव्हतं. सुतकाच्या घरचं पाणीदेखील चालत नाही, म्हणून आपापल्या भाकऱ्या आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन आल्या, बांधावर खाल्लं, लावणी करून गेल्या. तुझ्या आईने दारातून नुसतं बघितलं. हे सांगताना ती रडली, आणि मी तिचा हात धरून बसले होते, आणि काय सांगू तुला, माझ्या डोक्यात सरांचा प्रश्न फिरत होता. सगळ्या घरांनी काम करून ठेवलं. आता प्रत्येक घराला दोघी पाठवायच्या आणि घरात उरली एक. म्हणजे पडणारच बाहेर. पंगतीत बसून मी हे मनात मांडत होते.

संध्याकाळी पाहुणे पांगले. काका, तुझे वडील, ओट्यावर जाळं घेऊन बसले होते, नुसतेच हातात धरून. तुझी आई भिंतीला टेकलेली. आणि मला एकदम आठवलं की ही हौसामावशीच्या फिरायची वेळ. समोरच्या घरी ती आली, बोलली. तिथून पलीकडच्या दारात गेली. मग खालच्या आळीला उतरली. मी उठले, बसले, पुन्हा उठले. काका मान वर करत नव्हते, पण ते पण ऐकतच होते. मला वाटलं, झालं. मी वर्गात म्हणाले होते तेच झालं, आणि ते खरं ठरू नये म्हणून मी देवाला हात जोडले. माझंच उत्तर चुकू दे म्हणून प्रार्थना करायची वेळ माझ्यावर आली, राव.

मग ती खालून परत वर आली. तुमच्या अंगणात उभी राहिली. आवाज नेहमीचाच.

"वैनी, उद्या बबीच्या खाचरात. तुमच्यातल्या किती जणी?"

"दोगी," तुझी आई म्हणाली.

सवयीने म्हणाली गं. इतकी वर्षं तेच सांगत आलेली. काकांच्या हातातलं जाळं खाली आलं. हौसामावशीने तुझ्या आईकडे बघितलं, "बरं," म्हणाली, आणि पुढच्या घराकडे गेली.

तुझ्या आईला जरा वेळाने उमगलं आपण काय बोललो ते. तिने पदर तोंडात धरला. मी लगेच तिला म्हटलं, काकू, दुसरी मी येते ना, मी उभी राहते. मला बरंच वाटलं बघ. एक जागा रिकामी झाली, एक माणूस भरलं. दोन वर्षं आपण हेच तर शिकलो होतो.

सकाळी बबीच्या खाचरात उतरले. ह्या वेळी अनवाणी. बायका ओळीने उभ्या राहिल्या. तुझी आई उभी राहिली, तिच्या शेजारी एका बाईपुरती जागा सोडून हौसामावशी उभी राहिली. मी बिनधास्त त्या जागेत शिरले आणि रोपांची मूठ उचलली.

"तितं नगं, पोरी," हौसामावशी म्हणाली. "तितं मनी हाय. तू कडंला हुबी ऱ्हा."

कुणी वर बघितलं नाही. मी चिखलातून पाय काढत पार टोकाला गेले. तिथून बघत होते. तुझी आई डावीकडून हात लांब करून तुझ्या पातीत रोप टोचायची, हौसामावशी उजवीकडून. मध्ये कुणीच नाही, आणि तुझी पात सगळ्यांच्या बरोबरीने मागे सरकत होती. माझी नेहमीसारखी वाकडी. मला नीट दिसतही नव्हतं, खरं सांगायचं तर.

दुपारी बांधावर बसलो. मला राहवेना. मी हौसामावशीला विचारलं, मावशी, तुमच्यात अशीच रीत आहे का? गेलेल्याची जागा अशी ठेवायची? सरांना सांगायचं होतं ना मला. ते म्हणाले होते, प्रोजेक्ट आता एकटीच मांड, पाहिजे तर विषय बदल. मी दोन्हीला नाही म्हटलंय. तुझं नाव माझ्या नावाच्या आधी राहील, आणि हा त्यांचा प्रश्न मी त्यांना उत्तरासकट परत देणार आहे.

मावशीने भाकरीचा तुकडा खाली ठेवला. म्हणाली, "न्हाई गं, कसली रीत? कोन गेलं तर दुसरं हुबं ऱ्हातं. ही जागा मनीनं मागून घेतल्याली हाय. मागं कालेजातनं रडत आली, तशीच माझ्या दारात. म्हनली, परीक्षा झाली की मी शितलसंगं पुन्याला जानार. मी गेल्यावर तुमी आईला सावडीतनं काढू नगा, माझी जागा धरून ठिवा. मी समद्या जणींना इचारलं. समद्या म्हनल्या, जा बाई, धरतो. आता सबूद दिल्याला."

बाकीच्या बायका मान हलवत होत्या. बबीला ठाऊक होतं. तिच्या सासूलाही ठाऊक होतं. तुझ्या आईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, पिशवी बी घेतली व्हती तिनं, मोठी, चेनची.

मला रडू यायला पाहिजे होतं. मला संताप आला. स्टँडवर माझ्याशी न बोलता गाडीत बसलीस, तिथून उतरलीस ती सरळ हौसामावशीच्या दारात गेलीस, आणि सगळ्यांकडून कबूल करून घेतलंस. आणि त्यानंतरही मला फोनवर बघू? रूम मी बघणार होते ना? का तुला ते मला नीट समोर बसून सांगायचं होतं, डोळ्यांतला पिवळेपणा गेल्यावर, कॅमेरा लावून? ते तरी कुणाला विचारू आता?

मी तुझ्या एका होकारासाठी इथे येरझाऱ्या घालत होते, मने, आणि तो तुझ्या अख्ख्या वाडीला ठाऊक होता.